काशिनाथपंतांचे खुंट

काशिनाथपंतांचा उजवा कान पार गेलेला होता आणि डाव्या कानाला फक्त सोयीचे ऐकू येत असे. कोर्टात शिरस्तेदारी करताना त्यांनी हा कान कमावला, असे ठाणे गावात म्हणत. कोर्टात एक जज्जसाहेब फार तापट होते. ते पंतांवर ओरडू लागले की पंत अदबीने उभे राहत आणि साहेब मागच्या आठवड्यात ज्या गोष्टीवरून ओरडले होते तिचा सविस्तर खुलासा करू लागत. साहेबाला आधी जास्तच राग येई, मग त्याचा गोंधळ उडे, आणि शेवटी आज आपण कशासाठी ओरडत होतो हेच तो विसरून जाई. "साहेब मनाने वाईट नाही," पंत बाहेर येऊन सांगत, "त्याला जरा मागे नेऊन सोडावं लागतं, इतकंच."

माझी त्यांची खरी ओळख झाली ती त्यांनी पेन्शन घेतल्यावर, बागकमिटीत. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षर बरे, म्हणून मला कमिटीचा चिटणीस केले होते. ठराव लिहिण्यापलीकडे मला काही काम नव्हते आणि मताचा अधिकारही नव्हता, त्यामुळे पुढची दहाएक वर्षे मी फार सुखात काढली.

बाग करायची होती ती तळ्यापलीकडच्या माळावर. बाजार एका अंगाला, कोर्ट दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये हा उघडाबोडका माळ. पावसाळ्यात तिथे चिखल, उन्हाळ्यात धुरळा. कोलशेतहून डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन चालत येणाऱ्या बायका बाजार उरकला की परतताना तिथे टोपल्या उतरून दम खात. कोर्टात तारखेला आलेली खेड्यापाड्यांतली माणसे तिथेच भाकरीचे फडके सोडून बसत. उन्हात बसत, कारण माळावर सावली म्हणून नव्हतीच.

कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब वकील. माणूस सरळ, बुद्धीने तल्लख, पण मुंबईची बाग पाहून आल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती. मधोमध कारंजे, त्याभोवती गोल रस्ता, गुलाबांचे ताटवे, बॅंड वाजवायला चौथरा, चारी बाजूंनी लोखंडी कठडा, पुढे फाटक, आणि फाटकाशी डगलेवाला शिपाई. स्वच्छ पोशाख असेल त्यालाच आत सोडायचे. झाडे त्यांच्या बेतात जवळजवळ नव्हती. झाडांनी मोकळेपणा जातो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी हा सारा बेत कागदावर रंगांत काढून आणला होता, आणि पहिल्या सभेत तो उलगडताना ते एकेक कोपरा तळव्याने सपाट करत होते, हे मला आजही आठवते.

सभासदांनी माना डोलावल्या. पंतांनी चिमूटभर तपकीर ओढली.

"कारंजं कुठे?" त्यांनी विचारले.

"मधोमध," बापूसाहेब म्हणाले.

"बरं. आणि पन्नास वर्षांनी?"

"पन्नास वर्षांनीही मधोमधच."

"तसं नव्हे. पन्नास वर्षांनी ते उडत असेल का?"

"पंत, पन्नास वर्षांनी आपल्यापैकी कोणी असणार नाही."

"म्हणूनच विचारतो. असतो तर दुरुस्त केलं असतं."

सारे हसले. बापूसाहेबही हसले, कारण हा एकदाच होणारा विनोद आहे असे त्यांना वाटले. पण पंतांनी गुलाबांवर तेच विचारले, चौथऱ्यावर तेच विचारले, शिपायावरही विचारले. "बरं. आणि पन्नास वर्षांनी?" महिन्याभरात हे वाक्य गावभर झाले. बाजारात कोणी वांगी महाग सांगितली तरी गिऱ्हाईक म्हणे, बरं, आणि पन्नास वर्षांनी? पंतांच्या कानावर ते गेले तेव्हा त्यांनी गंभीरपणे सांगितले की वांग्याच्या बाबतीत हा प्रश्न गैरलागू आहे.

तिसऱ्या की चौथ्या सभेत पंत अचानक बापूसाहेबांच्या बाजूने बोलले. एवढा सुंदर बेत कागदावर राहून कोणाला दिसणार, ते म्हणाले. माळावर जागोजागी खुंट ठोकून खुणा केल्या पाहिजेत, म्हणजे कारंजे कुठे, रस्ता कुठून, चौथरा कुठे, हे जाणाऱ्या-येणाऱ्यालाही कळेल. बापूसाहेबांना भरून आले. म्हाताऱ्याला शेवटी पटले, असे त्यांना वाटले असावे.

"मात्र खुंट पक्के हवेत," पंत म्हणाले. "गुरं अंग घासतात, पोरं उपटतात. मास्तर, ठरावात 'पक्के व न हलणारे' असे शब्द घाला."

मी घातले. काम पंतांनीच अंगावर घेतले. आठवड्याभरात ते येऊरच्या बाजूने एक गाडीभर खुंट घेऊन आले. मनगटाहून जाड, कंबरेएवढे उंच, आणि वरच्या टोकाला शेण थापलेले. भर उन्हात डोक्याला उपरणे गुंडाळून त्यांनी एकेक खुंट आपल्यादेखत खोल पुरून घेतला. बापूसाहेब नकाशा घेऊन जागा दाखवत होते.

"हे शेण कशाला?" त्यांनी विचारले.

"वाळवी लागू नये म्हणून," पंत म्हणाले.

श्रावणात एका सकाळी बापूसाहेब शाळेत आले आणि मला वर्गातून उठवून माळावर घेऊन गेले. पंत तिथे आधीच होते, छत्री टेकून उभे.

"पंत," बापूसाहेब म्हणाले, "खुंटांना पानं फुटली आहेत."

"कुठल्या?"

"सगळ्यांना."

पंतांनी वाकून जवळचा खुंट पाहिला. मग दुसरा पाहिला. "खरंच की," ते म्हणाले. "कमिटीच्या कामाला इतक्या लवकर फळ येताना मी प्रथमच पाहतोय."

"हे वडाचे आहेत."

"काही वडाचे, काही उंबराचे. त्या कडेला भेंड आहे, तो पांगारा. ठरावात कमिटीने जात सांगितली नव्हती. न हलणारे म्हटलं होतं. मूळ धरतो त्याच्याइतका न हलणारा खुंट दुसरा कुठला?"

"उपटून काढा."

"काढतो ना. पण न हलणारे असा ठराव आहे. तो आधी रद्द करायला हवा. रद्द करण्याच्या सूचनेला मुदत लागते. आणि माझ्या मते," पंतांनी माझ्याकडे पाहिले, "तो प्रश्न एखाद्या पोटकमिटीकडे गेलेला बरा."

इथून पोटकमिट्यांचे युग सुरू झाले. पंतांना कोर्टाने एकच विद्या शिकवली होती: कुठलेही काम न थांबवता लांबवायचे कसे. त्यांनी कधी कशाला नाही म्हटले नाही. कारंज्याला त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. फक्त तुषार कोणत्या ऋतूत कोणाच्या अंगावर उडतील हे आधी कळायला हवे होते, आणि त्यासाठी सहाही ऋतूंतला वारा पाहणे आले. एक वर्ष गेले. त्या वर्षी वारा म्हणावा तसा वाहिला नाही, असा अहवाल त्यांनी दिला, म्हणून आणखी एक गेले. गुलाबांच्या रंगावर मतभेद होईल अशी कोणाला शंकाही नव्हती. पंतांनी दोन सभासदांना वेगवेगळे गाठून दोन रंगांची स्तुती केली आणि मग ते स्वतः बाजूला बसून तपकीर ओढत राहिले.

कठड्याची गोष्ट मात्र ठाण्यात फार दिवस सांगत. दोन गजांमध्ये अंतर किती ठेवायचे, हा प्रश्न होता. शेळी आत जाऊ नये, यावर एकमत झाले. पंतांनी विचारले, "आणि करडू?" करडूही जाऊ नये, असे ठरले. "केवढं करडू?" यावर कोणाला नीट सांगता येईना. पुढच्या सभेला पंत बगलेत एक जिवंत करडू घेऊन आले. मोजायला आणले आहे, म्हणाले. मोजमाप चालू असताना करडू टेबलावर चढले आणि बापूसाहेबांच्या रंगीत नकाशाचा एक कोपरा शांतपणे खाऊ लागले. डॉक्टर कमिटीत होते, ते सर्वांत आधी हसले. बापूसाहेबांनी नकाशा ओढून घेतला तेव्हा एक तुकडा करडाच्या तोंडात राहिला.

पंतांनी उरलेला कागद निरखला. "चौथरा गेला," ते म्हणाले.

बापूसाहेब त्या दिवशी इतके संतापले की त्यांनी पंतांना मराठीत एक आणि इंग्रजीत एक अशा दोन शिव्या दिल्या. पंतांनी कानामागे हात नेला आणि अत्यंत विनयाने विचारले, "अनुमोदन कोणाचं?"

पंतांच्या घरी मला वरचेवर जावे लागे, अहवालांसाठी. त्यांच्या पत्नी, राधाकाकू, दारातच सुरू करीत. "या मास्तर. आमच्या अंगणातली तुळस वाळली, आणि हे गावाला सावली देतायत." पंतांना त्या बोलण्याचा पत्ता नसे. मग काकू आवाज अगदी खाली आणून म्हणत, "थालीपीठ झालंय," आणि पंत आतून म्हणत, "आलो." काकू माझ्याकडे पाहून मान हलवीत. "बघितलंत? आता याला बहिरेपण म्हणायचं का, ते तुम्ही शिकलेल्या माणसांनी सांगा."

काकूंची दुसरी तक्रार वासाची होती. पंत माळावरून आले की त्यांच्या धोतराला मासळीचा वास येई, आणि काकू त्यांना परसातून, न्हाणीच्या दाराने घरात घेत. त्या वासाचे मूळ मला हळूहळू कळले.

माळ तेव्हा फक्त कमिटीच्या कागदांवर बाग होता, त्यामुळे त्याला माळी नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात खुंट माना टाकू लागले. पंत स्वतः तळ्यावरून कळशी आणीत, पण वय झालेले. दोन खुंटांवर दम संपे. कोलशेतची हिराबाय रोज त्या वाटेने जाई. मासळी विकून झालेली, रिकामी टोपली डोक्यावर, तोंडात पान. ती पंतांपेक्षा फार लहान नसावी. पंतांना ती एकेरीत हाक मारी, आणि पंतही तिला.

"पंत, तुजा झार सुकला," ती एक दिवस म्हणाली. मी तेव्हा तिथे होतो.

"तुम्ही साऱ्याजणी टोपल्या धुता ते पाणी कुठे टाकता?" पंतांनी विचारले.

"वाटंवर. आनी कं टाकू?"

"याच्या बुडाशी टाक."

हिराबायने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. "बामना, मासलीचा पानी हाय त्यो."

"झाड सोवळं पाळत नाही."

"मना काय मिलल?"

"सावली."

"कदी?"

"आठ-दहा वर्षांनी."

"तवर मी मरन."

"मग तुझी सून बसेल."

"तिला कशाला सावली?" हिराबाय म्हणाली. "मना मिलाली नाय, तिला कशाला?" पण हे म्हणताना तिने टोपली उतरवली होती. दुसऱ्या दिवसापासून कोलशेतच्या साऱ्या बायका परतताना टोपल्या धुऊन ते पाणी, खवले, डोकी, जे काय उरलेले असेल ते, खुंटांच्या मुळाशी ओतू लागल्या. खुंटांनी जो जोर धरला तो पाहून येऊरच्या रानातल्या वडांनी लाजावे.

पण वास गावभर गेला आणि कमिटीत बोलणे निघणार हे उघड होते. ते कोणी काढण्याआधी पंतांनीच काढले. ते उभे राहिले आणि कळवळून म्हणाले की या बायकांचा ताबडतोब बंदोबस्त झाला पाहिजे, माझ्यासारख्या माणसाला तिथून जाणे अशक्य झाले आहे. तोवर बापूसाहेबांची अशी अवस्था झाली होती की पंत पूर्व म्हणाले तर ते पश्चिम म्हणत. "बंदोबस्त कशाला?" ते ताडकन म्हणाले. "बाग झाली की आपोआप थांबेल. गरीब बायका आहेत." पंत फार निराश होऊन खाली बसले. मी ठराव लिहिताना मान वर केली नाही.

मी त्यांना एकदा विचारले होते, हे सगळे कशासाठी. आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो होतो. मला वाटले नेहमीसारखे काहीतरी वाकडे उत्तर मिळेल. ते थोडा वेळ तपकिरीची डबी फिरवत बसले.

"कोर्टात आत पंखा असतो, मास्तर," ते म्हणाले. "माझी खुर्ची खिडकीशी होती. खिडकीतून माळ दिसायचा. माणसं सकाळी येऊन बसायची. केव्हा नाव पुकारतील नेम नाही, म्हणून लांब कुठे जाताही येत नसे. पोरं मांडीवर घेऊन बायका बसायच्या, पदर पोरावर धरून. आत आम्ही एकेका शब्दावर तासभर वाद घालायचो. घालावाच लागतो. पण ऊन फार लांब असतं हो दिवसाचं, बाहेरून."

 मग त्यांनी नाक पुसले आणि ते म्हणाले, "शिवाय बापूसाहेबांना छळायचं दुसरं चांगलं साधन माझ्यापाशी नाही."

अशी आठ-नऊ वर्षे गेली. वडांच्या फांद्या एकमेकींना लागायला आल्या. कोर्टात तारखेला आलेली माणसे आता झाड बघून बसत. आणि मग कलेक्टर बदलले. नव्या साहेबांना कामाचा उरक होता. त्यांनी बापूसाहेबांना विचारले, तुमच्या बागेचे काय झाले? बापूसाहेबांनी घरी येऊन नकाशाची नवी प्रत काढली, कोपऱ्यासकट. मग त्यांनी एकेका सभासदाला घरी जाऊन गाठले. दाजीशेट किराणावाले, डॉक्टर, बाकीचे दोघे. सर्वांनी शब्द दिला. ठराव साधा होता: माळावरची सर्व झाडे काढून जमीन सपाट करावी, कठडा घालावा, आणि मूळ बेताप्रमाणे काम सुरू करावे. पोटकमिटी नाही.

मी ही सूचना पंतांच्या घरी पोहोचवली. त्यांनी ती दोनदा वाचली. तोंडावरचा मिस्कीलपणा गेला आणि एकदम ते म्हातारे दिसू लागले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मतं गेली," पंत म्हणाले. मग कागदाची घडी घालून म्हणाले, "सभा जागेवर घ्यायची, असा जुना ठराव आहे ना? अखेरचा निर्णय जागेवर."

"आहे."

"मग जागेवर घ्या म्हणावं. जेवणं झाल्यावर लगेच."

बापूसाहेबांनी हरकत घेतली नाही. जिंकलेला माणूस उदार असतो. वैशाखातली दुपार होती. माळावर खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षांची खुर्ची कारंज्याच्या ठरलेल्या जागी, म्हणजे नेमकी सर्वांत मोठ्या वडाखाली. तिथे हिराबाय आणि तिच्याबरोबरच्या पाच-सहा जणी रोजच्याप्रमाणे टोपल्या उतरून बसल्या होत्या.

बापूसाहेब आले, पगडी, काळा कोट, पायांत बूट. त्यांनी वडाकडे पाहिले.

"या झाडाखाली मी बसणार नाही," ते म्हणाले. "बसलो तर त्याला मान्यता दिल्यासारखं होईल." आणि त्यांनी खुर्ची उचलून उन्हात नेली.

बाकीच्यांना तत्त्वाची एवढी चाड नव्हती. त्यांनी आपापल्या खुर्च्या जवळच्या झाडाखाली ओढल्या. त्यामुळे सभा अशी बसली की दाजीशेट एका उंबराखाली, डॉक्टर एका भेंडाखाली, बाकीचे लांब लांब दोन वडांखाली, आणि मध्ये उन्हात एकटे अध्यक्ष. बापूसाहेबांनी ठराव वाचला.

"ऐकू आलं नाही," पंत म्हणाले.

त्यांनी मोठ्याने वाचला.

"शेवटचं वाक्य राहिलं."

तिसऱ्यांदा वाचेपर्यंत बापूसाहेबांच्या कपाळावरचा घाम कागदावर पडू लागला. पंत उठले. "माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "फक्त एकदम सगळ्या झाडांवर मत घेण्यापेक्षा एकेकावर घ्यावं. म्हणजे नोंद स्वच्छ राहील. दाजीशेट, तुमच्या डोक्यावरच्या उंबरापासून सुरुवात करू?"

दाजीशेटांनी वर पाहिले. ते स्थूल होते आणि त्यांना उन्हाचा त्रास होई. "याच्यापासूनच कशाला?" ते म्हणाले. "हा एक राहू द्या सध्या. दुसऱ्यापासून करा."

"डॉक्टर?"

"भेंड तसा कडेला आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याचा अडथळा होणार नाही कोणाला."

"आणि तुम्ही दोघं?"

त्या दोघांनी, ठराव तत्त्वतः मान्य आहे, पण हे दोन वड काही वाटेत येत नाहीत, असे सांगितले. पंत थांबले. आता राहिला होता तो कारंज्याच्या जागेवरचा मोठा वड. त्याखाली एकही सभासद बसला नव्हता. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या, आणि मला दिसले की ते एक झाड द्यायला सारे खुशीने तयार होते. ते दिले की बाकीचेही पुढेमागे जाणारच होते. कारंजे आले की रस्ता येतो, रस्ता आला की फाटक. पंतांनाही ते दिसले असावे. त्यांनी तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली. त्यांच्यापाशी आता एकही युक्ती उरली नव्हती.

हिराबाय सभेकडे मुळीच बघत नव्हती. ती बापूसाहेबांकडे बघत होती. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"ए वकीलबाबा," ती म्हणाली, "इथं ये. मरशील तिथं."

तिने टोपली पायाने बाजूला सारली. बाकीच्या बायका काही न बोलता एका अंगाला सरकल्या आणि बुंध्याशी चांगली ऐसपैस जागा मोकळी झाली. बापूसाहेब उठले. त्यांना भोवळ येत होती, हे त्यांच्या चालण्यावरून कळले. डॉक्टर धावले. त्यांनी बापूसाहेबांना धरून वडाखाली आणले, पगडी काढली, कोटाची बटणे सोडली, आणि आपल्या उपरण्याने वारा घातला. बापूसाहेब बुंध्याला टेकून डोळे मिटून बसले. हिराबायची टोपली त्यांच्यापासून हातभर होती.

 वर पाने हलत होती. पंत हळूच जवळ गेले, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता.

"बापूसाहेब, बरं वाटतंय का?"

बापूसाहेबांनी डोळे उघडले. वर पाहिले, बायकांकडे पाहिले, मग पंतांकडे. "सभा तहकूब," ते पुटपुटले.

"किती दिवस?"

"पन्नास वर्षं."

ते अगदी हळू बोलले होते. पंतांना पहिल्या झटक्यात ऐकू गेले.

बापूसाहेबांना अगदीच काही मिळाले नाही, असे नाही. रस्त्याच्या बाजूने लोखंडी कठडा झाला आणि मध्ये सुरेख फाटकही झाले. उरलेल्या तीन बाजू उघड्या राहिल्या. फाटक उघडायला कलेक्टरसाहेब आले होते. सारा गाव त्या दिवशी फाटकातून आत गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून जिकडून जवळ पडेल तिकडून. पंत मात्र बापूसाहेब दिसले की मुद्दाम वळसा घालून फाटकातूनच जात, आणि जाताना फाटकाच्या कारागिरीची स्तुती करीत. बापूसाहेबांना ती खरी की खोटी हे कधी कळले नाही. मलाही नाही.

झाडे टिकली तरी पंतांचा माणसांवर विश्वास बसला नव्हता. ते मला दर सभेला सांगत, "मास्तर, लिहून घ्या. मी गेल्यावर कोणी कारंज्याचा ठराव आणला तर माझा विरोध आहे." मी म्हणे, पंत, मेलेल्या माणसाचे मत धरता येत नाही. ते म्हणत, "मत नाही, विरोध. विरोधाला हजर राहावं लागत नाही." बॅंडचा चौथरा, गुलाब, शिपाई, सर्वांवर त्यांनी असे आगाऊ विरोध नोंदवून ठेवले. कठड्याच्या उरलेल्या तीन बाजूंवर तर दोनदा.

पुढे त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू पिकला, आणि मुलीने त्यांना व राधाकाकूंना कल्याणला आपल्या घरी नेले. वर्षभराने मी भेटायला निघालो तेव्हा बापूसाहेब म्हणाले, मीही येतो. गाडीत ते मधूनमधून बोटांवर काही मोजत होते. बागेत अलीकडे काय काय झाले, एका वडाला पारंब्या कशा सुटल्या आहेत, हे सगळे पंतांना सांगायचे म्हणून त्यांनी मनात जुळवून ठेवले होते, एवढे मला कळले.

मुलीचे घर तळ्याकाठी होते. पंत ओटीवर बसले होते, वाळलेले, पण डोके तसेच ताठ. त्यांनी माझ्या शाळेची चौकशी केली. कोर्टात कोण बदलून आले, दाजीशेटांचे गुडघे कसे आहेत, हिराबायच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, सगळे विचारले. काकूंनी पोहे आणले. बागेबद्दल त्यांनी एक अक्षर काढले नाही.

शेवटी बापूसाहेबांना राहवेना. "बागेचं विचारलं नाहीत," ते म्हणाले. आवाजात रुसवा होता.

"तुम्ही आहात ना तिथे," पंत म्हणाले.

बापूसाहेब उठून ओटीच्या कडेला गेले आणि तळ्याकडे पाहू लागले. मग म्हणाले, "तुमच्या या तळ्याला घाट नाही. इथे चांगल्या दगडी पायऱ्या पाहिजेत."

"पायऱ्या?" पंत म्हणाले. "म्हातारी माणसं पडतील. उतार हवा. गुरांनाही उतरता येतं."

"गुरं माणसांच्या घाटावर कशाला?"

"मला जरा हात द्या. जागेवर जाऊन बघू."

मला परत यायचे होते, दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी गाडीची वेळ झाल्याचे सांगितले. बापूसाहेब मागे न वळता म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा, मास्तर. मी उद्या येईन. यांचं म्हणणं काय आहे ते एकदा नीट ऐकून घेतलं पाहिजे."

त्याच पावसाळ्यात पंत गेले. मी त्यांना पाहिले ते त्या दिवशी शेवटचे, स्टेशनच्या रस्त्याला लागताना, वळणावरून. पंत काठावरच्या एका दगडावर बसले होते. बापूसाहेब वाकून, छत्रीच्या टोकाने ओल्या मातीत पायऱ्यांची रेघ ओढत होते आणि काहीतरी समजावून सांगत होते. पंतांना ती रेघ दिसणे शक्य नव्हते. तरी त्यांनी पाय लांब केला, अंगठ्याने चाचपून ती शोधली, आणि पुसून टाकली. बापूसाहेबांनी ती पुन्हा ओढली.